कावळा कुणाच्या बोलण्यावर आला?

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

मावशी,

मी एकोणीस वर्षांची. साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. घर कोरेगाव तालुक्यात. इथं दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, शनिवारी एसटीनं घरी जाते. वडील एसटीत ड्रायव्हर आहेत. थोरले काका माथाडी कामगार, वाशीच्या मार्केटला. धाकटे काका गावातच असतात.

जूनच्या सुरुवातीला माझे आजोबा गेले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. दहावा संगम माहुलीला केला. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. एक तास गेला. मग एकेक जण हात जोडून पुढं जायला लागला. वडील म्हणाले, "तात्या, बांधाचं भांडण मिटवतो." कावळा नाही. धाकटे काका म्हणाले, "आजपासून दारू सोडली." कावळा नाही. आत्या म्हणाली, "म्हस विकणार न्हाय, तुमच्या दावणीलाच राहील." एक कावळा बाभळीवर येऊन बसला आणि उडून गेला. शेवटी थोरले काका पुढं झाले. म्हणाले, "तात्या, पोरीची काळजी करू नका. साल फिरायच्या आत चांगल्या घरात देतो तिला." गुरुजी सगळ्यांना म्हणाले, जरा मागं व्हा, गर्दी करू नका. आम्ही पायऱ्या चढून वर गेलो आणि कावळा आला, पिंडाला शिवला. बायका रडायला लागल्या. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं.

तेव्हापासून घरात एकच विषय. तात्यांचा जीव माझ्यात अडकला होता म्हणे. वर्षाच्या आत लग्न केलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, असंही म्हणतात. चाकणला कंपनीत असलेल्या मुलाचं स्थळ आलंय, पुढच्या महिन्यात बघायचा कार्यक्रम ठरलाय. मला एम.एस्सी. करायचंय. माझी पहिल्या वर्षाची फी तात्यांनीच आलं विकून भरली होती.

खोलीतली एक मैत्रीण हे ऐकून हसली. म्हणाली, जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार कर. दुसरी म्हणाली, ऐकलं नाहीस तर त्यांना मुक्ती मिळणार नाही. आता त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि मी दोघींच्या मधे झोपते.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. तात्या दर रविवारी संध्याकाळी पावणेआठला फोन करायचे. जेवलीस का, कधी येतीस, एवढंच. त्या रविवारी मी मैत्रिणींबरोबर साताऱ्यातल्या चार भिंतीच्या टेकडीवर होते, पेपर संपत आले होते. फोन वाजला आणि मी आवाज बंद केला. दोन मिस्ड कॉल पडले. नंतर करू म्हटलं, राहिलं. सोमवारही गेला. मंगळवारी पहाटे ते गेले. घाटावर काका बोलत होते तेव्हा मी मनात म्हणत होते, तात्या, फोन उचलला नाही, चुकलं. आणि तेवढ्यात कावळा आला. तो कुणाच्या बोलण्यावर आला? माणूस गेल्यावर खरंच काही मागं राहतं का? परवा एसटी माहुलीच्या पुलावर आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

— कावळ्याला घाबरणारी, सातारा

*

पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा मात्र, रागावू नकोस, हसू आलं. माझ्या वडिलांचा दहावा त्याच घाटावर झाला होता आणि आम्हीही असेच ताटकळलो होतो.

दीड तास! थोरल्या भावानं घर शाकारून घेण्याचं वचन दिलं. मधल्यानं बहिणींना साडीचोळी चुकवणार नाही म्हणून सांगितलं. वहिनी पुढं झाली आणि म्हणाली, "आत्याबाईंना फुलासारखं जपीन." तेव्हा आईनं पदराआडून माझ्याकडं जे बघितलं ते मला अजून आठवतं. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण खाली यायचं नाव घेईनात. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाच्या चार काड्या घेतल्या, त्यांना पीळ देऊन कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, "झालं, आंघोळी करा." घरी आल्यावर आई म्हणाली, "जन्मभर वाळवणावरचे कावळे हाकलले त्यांनी. आता ते कशाला यायचे?"

त्या दर्भाच्या कावळ्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. तुमच्याकडं तो करायची वेळ आली नाही, म्हणून तुला सांगते. कावळा शिवला नाही तर गवताचा कावळा करून विधी पुरा करावा, ही सोय रिवाजातच आहे. आपण कुणी सुधारकांनी ती घुसडलेली नाही. आता बघ, कावळ्याच्या तोंडून गेलेला माणूस खरोखर आपली शेवटची इच्छा सांगत असता, तर गवताच्या कावळ्यावर कुणी भागवलं असतं का? ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांनाही ठाऊक होतं की कावळा कधी येतो, कधी येत नाही, आणि जिवंत माणसांना उन्हात बसवून ठेवायची काही मर्यादा असते.

आता खऱ्या कावळ्याकडं येऊ. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहेस, तरी तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू घाईत लिहून पुढं गेलीस. "गुरुजी म्हणाले, जरा मागं व्हा." तासभर काय चाललं होतं ते डोळ्यांपुढं आण. पिंडाभोवती माणसांचं कडं. दर दहा मिनिटांनी कुणीतरी हात जोडून आणखी पुढं जातंय, मोठ्यानं बोलतंय, रडतंय. कावळ्याइतका संशयी पक्षी नाही. नवीन वस्तू, नवीन माणसं दिसली की तो आधी लांबून अंदाज घेतो. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर कितीतरी वर्षं तिथले कावळे तो मुखवटा दिसला की कलकलाट करायचे. असा हा प्राणी. आत्या म्हशीबद्दल बोलत असताना बाभळीवर येऊन बसला तो टेहळणीला आलेला असणार. त्यात जूनचे दिवस, म्हणजे घरट्यात पिल्लं असण्याचा काळ. भूक आहे, पण धास्ती जास्त. मग तुम्ही सगळे पायऱ्या चढून वर गेलात, जागा मोकळी झाली आणि भात समोर राहिला.

त्या गुरुजींनी असे शेकडो दहावे पाहिले असतील. कधी मागं सरकायला सांगायचं ते त्यांना बरोबर कळतं. ते त्यांनी बांधाच्या भांडणानंतर सांगितलं असतं तर आज तुझे वडील मोजणीवाल्याला बोलावून आले असते आणि तू निवांत प्रॅक्टिकलची जर्नलं लिहीत बसली असतीस.

पण हे सगळं तुलाही माहीत होतं, असा मला दाट संशय आहे. नुसत्या माहितीनं भीती गेली असती तर तू मला पत्र लिहिलंच नसतंस.

तू विचारलंस, कावळा कुणाच्या बोलण्यावर आला. एक सोपं उत्तर माझ्या हाताशी आहे. मी म्हणू शकते की तो तुझ्या मनातल्या बोलण्यावर आला, तात्यांनी तुला माफ केलं, काकांचं वाक्य मधे योगायोगानं आलं. ते ऐकून तुला आजच्यापुरती झोप लागेल. पण तसं म्हटलं की कावळा निरोप घेऊन येतो हे मी मान्य केलं, आणि मग काकांचाही दावा तितकाच खरा ठरतो. म्हणून मी ते म्हणणार नाही. कावळा भातावर आला. माफीचं आपण पुढं बघू, ते काम कावळ्यावर टाकण्याइतकं हलकं नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. घाटावर त्या दिवशी चार वचनं दिली गेली. बांध, दारू, म्हैस आणि तू. दिलेल्या वचनाला कावळा शिवो न शिवो, गेलेल्या बापासमोर हात जोडून दिलेलं वचन ते वचनच. मग विचार घरात: बांधाचं काय झालं? धाकट्या काकांची बाटली सुटली का? म्हैस दावणीला आहे ना? पत्रात यातलं एक अक्षर नाही. म्हणजे तीन वचनं नदीला गेली आणि एकच घरी आलं. कुठलं? ज्याची किंमत देणाऱ्याला मोजायची नाही ते. बांध सोडायचा तर वडिलांची हातभर जमीन जाणार. दारू सोडायची तर काकांच्या अंगाला कापरं भरणार. तुझं लग्न करायचं तर? खर्च होईल, धावपळ होईल, पण आयुष्य तुझं बदलणार. मला यात कुणाचा कपटीपणा दिसत नाही. कावळ्याची वाट बघताना माणसाच्या तोंडून त्याच्या स्वतःच्या मनातलं बाहेर पडतं. वडिलांच्या मनात बांध होता, धाकट्याच्या मनात दारूची शरम होती, आत्याच्या मनात माहेरची दावण. थोरल्या काकांच्या मनात तू होतीस, किंवा तुझं लग्न होतं. तात्यांच्या मनात काय होतं हे त्यातल्या कुठल्याच वाक्यावरून कळत नाही.

तात्यांच्या मनातलं कळायची जागा दुसरी आहे आणि ती तूच लिहिलीस: आलं विकून फी भरली.

कोरेगावकडच्या माणसाला आलं म्हणजे काय ते सांगायला नको, पण वाचणारे इतरही आहेत. मे महिन्यात लावायचं, आठ-नऊ महिने पोसायचं, कंद कुजेल म्हणून पावसाळाभर जीव मुठीत धरायचा. आणि भाव नसला तर काढायचंच नाही, जमिनीत राखून ठेवायचं आणि वाट बघायची. आपल्याकडं आल्याचा भाव गाडीवर सांगतात, 500 किलोंची गाडी. कुठल्या वर्षी गाडीला काय मिळालं हे म्हाताऱ्या शेतकऱ्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं आठवतं. तर तू घरी गेलीस की आजीला एवढंच विचार: माझी फी भरली त्या वर्षी आल्याला काय भाव होता? भाव चांगला असताना विकलं असेल तर ठीकच. पण भाव पडलेला असताना, थांबता येत असताना, तुझ्या फीच्या तारखेसाठी तात्यांनी आलं काढलं असेल, तर त्या माणसाची इच्छा काय होती ते गाड्यांच्या हिशेबात लिहिलेलं आहे. ते जिवंतपणी, शुद्धीत, स्वतःच्या खिशाला चाट लावून बोललेलं आहे. हे उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. पण विचार.

आजीपासून सुरुवात करायला सांगतेय त्याचं दुसरंही कारण आहे. आपल्या घरांत म्हाताऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. दहाव्याला तिनं काय म्हटलं ते तुझ्याही पत्रात नाही, बघ. सगळ्यांची वाक्यं तुला पाठ आहेत आणि जिनं त्या माणसाबरोबर सगळा संसार केला तिचं एकही नाही. ती गप्प होती, की तुम्हाला ऐकू आलं नाही?

मग वडील. ते घाटावर काकांना अडवून काही बोलले नाहीत याचा तुला राग आहे. तू लिहिलं नाहीस तरी जाणवतं. पण थोरल्या भावानं दहा माणसांत, बापाच्या पिंडापुढं शब्द दिल्यावर धाकट्यानं तिथल्या तिथं "थांबा दादा" म्हणणं आपल्याकडं किती अवघड आहे, हे तूही जाणतेस. त्यांना एकटं गाठ. ड्युटीवरून आल्या आल्या नको, जेवणाच्या ताटावर तर मुळीच नको. ते साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लावून चहाला थांबत असतील तेव्हा जा. स्टिअरिंगवरच्या माणसाला समोर बघत बोलायची सवय असते, तोंडासमोर बसून डोळ्यांत बघत बोलायला तो बिचकतो. शेजारी उभी राहा आणि दोनच गोष्टी सांग. लग्नाला मी नाही म्हणत नाही, शिक्षण अर्ध्यावर टाकून या वर्षात करायला नाही म्हणते. आणि बघायचा कार्यक्रम तुम्ही पुढं ढकला, मी ढकलला तर भांडण होईल.

त्या कार्यक्रमाबद्दल माझं मत कडक आहे. "नुसतं बघून जातील, त्यात काय जातंय?" असं तुला म्हणतील. जातं. मी स्वतः तीनदा पोह्यांचा ट्रे घेऊन गेले आहे. एकदा पोहे खाल्ले गेले की पुढचं नाही म्हणणं दसपट महाग पडतं, कारण मग नकार मुलाला दिल्यासारखा होतो. त्या चाकणच्या मुलानं काय पाप केलंय? तो बिचारा सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून येणार आणि त्याला माहीतही नसणार की इथं एका कावळ्याचा शब्द पाळला जातोय. मनात नसेल तर त्याला बोलावू देऊ नकोस. आणि एक लक्षात ठेव: तू सज्ञान आहेस, तुझ्या संमतीशिवाय तुझं लग्न कुणी ठरवू शकत नाही. पण हे वाक्य खिशात ठेव, पहिल्याच दिवशी बाहेर काढू नकोस. चांगली घरं कायद्याच्या भाषेनं उगाच दुखावतात, आणि तुझं घर पत्रावरून चांगलं वाटतं.

वर्षाच्या आत की तीन वर्षांनी, यावर फार बोलत नाही. आमच्या आळीत दोन घरं शेजारी शेजारी आहेत. एकात माणूस गेलं की वर्षभर शुभकार्य करत नाहीत. दुसऱ्यात वर्षाच्या आत उरकतात. दोन्ही घरांची पोरंबाळं ठणठणीत आहेत. रिवाज माणसांनीच घातलेले असतात आणि वेळ पडली की माणसंच ते वळवतात. सावित्रीबाई फुले आपल्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. 1890 साली जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलानं टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढं न्यायचं मडकं, धरावं की नाही यावर भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः उचललं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालू लागल्या. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेलच की याला गती मिळायची नाही. तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीला मुक्तीची काळजी वाटते ना, तिला ही गोष्ट सांग. वाद घालायला नको, नुसती सांग.

पहिल्या मैत्रिणीला मात्र थोडं समजावून सांगावं लागेल. जादूटोणाविरोधी कायदा ज्यांच्या चळवळीतून आला ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि मग त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. इतकी किंमत मोजून आलेला कायदा आहे तो. अघोरी उपायांनी माणसाला इजा करणारे, चमत्कार दाखवून लुबाडणारे भोंदू त्याच्या निशाण्यावर आहेत. घरच्यांनी मिळून घातलेला पिंड त्यात बसत नाही, आणि काकांवर तक्रार करायची ही कल्पना तर चहाच्या कपातच राहू दे. ती हसली याचा राग धरू नकोस. एकोणिसाव्या वर्षी मरणाच्या गोष्टीवर हसायचं नाही तर काय करायचं हे फार थोड्यांना कळतं. पण दोघींना एकत्र बसवून स्पष्ट सांग: मला तुमच्यापैकी कोण बरोबर ते ठरवायचं नाही, मला रात्री झोप लागत नाही. एवढं ऐकल्यावर त्या आपोआप एकमेकींशी बोलतील. निदान चादर कुणी ओढली यावरून तरी.

थोरल्या काकांकडं सगळ्यात शेवटी जा, पण जा. तू त्यांच्याकडं वचन देऊन मोकळा झालेला माणूस म्हणून बघतेस. मला ते जरा वेगळे दिसतात. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरं मुंबईच्या माथाड्यांच्या पाठीवर उभी राहिली. पोतं पाठीवर, मुक्काम दहा जणांच्या खोलीत, गावाला यायचं ते यात्रेला, गणपतीला आणि मयताला. अशा माणसाला बाप कधी म्हातारा झाला ते दिसलेलंच नसतं. शेवटच्या वर्षांत तात्यांना दवाखान्यात कुणी नेलं, रात्री उठून पाणी कुणी दिलं? काका नव्हते, आणि ते त्यांना ठाऊक आहे. मग घाटावर सगळे बघत असताना, बापासाठी काहीतरी मोठं करून दाखवायची शेवटची संधी आल्यासारखं वाटलं असेल. जे सुचलं ते बोलून गेले. तुझा न उचललेला फोन आणि काकांचं ते वचन, पोरी, एकाच मापाचं आहे. दोघांचीही वेळ चुकली आणि दोघंही ते भरून काढायला बघताहेत. काका भरून काढताहेत ते तुझ्या खात्यातून, तेवढं फक्त त्यांना दिसत नाही.

म्हणून त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नकोस. फोनची गोष्ट त्यांना सांग. कुणालाच सांगितली नाहीस म्हणतेस, तर पहिल्यांदा त्यांनाच सांग. मग म्हण, "काका, माझी काळजी घेईन म्हणून तुम्ही तात्यांना शब्द दिलाय ना? मग मला एम.एस्सी. होईपर्यंत सांभाळा." शब्द मोडायला सांगू नकोस, शब्दाचा अर्थ रुंद कर. "चांगल्या घरात देतो" याऐवजी "चांगली शिकवतो" असं म्हटलं असतं तर कावळा परत गेला असता, असं गावात कोण म्हणेल? काका लगेच मान्य करतील अशी खात्री मी देत नाही. दोन-तीन फेऱ्या लागतील, एखादी आदळआपटही होईल.

आता तो फोन. काय सांगायचं होतं तात्यांना? मला कळलं असतं तर सांगितलं असतं. पण तूच लिहिलंस की दर रविवारी तेच विचारायचे, जेवलीस का, कधी येतीस. शंभर वेळा तेच विचारणारा माणूस एकशेएकाव्या वेळी काही गूढ बोलणार होता असं आपल्याला वाटतं, कारण तो फोन शेवटचा ठरला. त्यांना तो शेवटचा आहे हे माहीत नव्हतं, तुलाही नव्हतं. पोरीनं फोन उचलला नाही तेव्हा ते आजीला म्हणाले असतील, "आब्यास करत आसंल," आणि भाकरी मोडली असेल. चूक झालीच नाही असं मी म्हणत नाही. परत फोन करायला हवा होता, आणि हे तुला आयुष्यभर थोडंसं टोचत राहील. टोचू दे. माझ्या आईला द्यायचं राहिलेलं एक औषध मला अजून टोचतं. पण त्यासाठी लग्न करून घेण्याएवढा दंड कुणी मागितलेला नाही.

माणूस गेल्यावर काही मागं राहतं का, हा तुझा शेवटचा प्रश्न. त्या माहुलीच्या संगमावर गर्दी नसताना एकदा जाऊन बघ, मैत्रिणींना घेऊन जा. विश्वेश्वराचं देऊळ आहे, राजघराण्यातल्या समाध्या आहेत आणि त्यांच्यातच एका कुत्र्याची समाधी आहे. थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या. त्यानं शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवलं अशी गोष्ट सांगतात. महाराज 1749 साली गेले. त्यांचे हुकूम, वतनं, सनदा दप्तरांत गेल्या आणि लोक अजून विचारत येतात ते, "कुत्र्याची समाधी कुठाय?" मला आत्म्याचं काही कळत नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या दगडी कुत्र्यासमोर उभं राहिलं की घाट इतका भीतीचा वाटत नाही, एवढं स्वानुभवानं सांगते. त्यानंतरही पुलावर डोळे मिटावेसे वाटले, आठवडे जाऊनही झोप येईना, अन्न गोड लागेना, तर 14416 वर फोन कर. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस: तात्यांचा फोन सध्या कुणाकडे आहे? कपाटात बंद पडून असेल तर शनिवारी गेलीस की काढ, चार्ज कर, रिचार्ज मार आणि आजीच्या उशाशी ठेव. हिरवं बटण कुठलं ते तिला दाखव, दोनदा तिच्या हातानं दाबून घे. रविवारी मुक्कामाला न थांबता साताऱ्याला परत ये. संध्याकाळी पावणेआठला फोन लाव. जेवलीस का ते विचार आणि मग आल्याच्या भावाचं विचार.

तुझी,
मावशी